वऱ्हाडच्या उन्हाळी उत्सवांचा ताळेबंद

चैत्र उजाडला की वऱ्हाडात दोन गोष्टी एकाच वेळी वाढू लागतात. एक तापमापकातील पारा आणि दुसरी उत्सवांची संख्या. एप्रिल-मे महिन्यांत अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे बेचाळीस-पंचेचाळीस अंशांची झळ सोसतात. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडले जाते आणि बारा ते चार या वेळेत कोणी कोणाच्या दारी जात नाही. तरीही याच दिवसांत आपण गुढ्या उभारतो, शोभायात्रा काढतो, पंगती मांडतो आणि रात्री उशिरापर्यंत भजन-गायनात रमतो.

यामागे वऱ्हाडच्या शेतीचे जुने वेळापत्रक आहे. फाल्गुन सरता सरता गहू-हरभरा घरात येतो, कापूस आणि तूर बाजारात गेलेली असते. मृग नक्षत्रापर्यंत शेतात मशागतीखेरीज मोठे काम नसते. कणगीत धान्य, हाताशी थोडा पैसा आणि दिवसाकाठी थोडी सवड, असा योग शेतकऱ्याच्या वर्षात पुन्हा येत नाही. म्हणून लग्ने, यात्रा, पाहुणचार आणि उत्सव यांची दाटी याच दोन महिन्यांत होते.

सन २०२५ चेच उदाहरण घेऊ. ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद आली. ६ एप्रिलला रामनवमी, १० एप्रिलला भगवान महावीर जन्मकल्याणक, ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १२ एप्रिलला हनुमान जयंती आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती झाली. ३० एप्रिलला अक्षय तृतीया आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती एकाच दिवशी आली. १२ मे रोजी बुद्ध पौर्णिमा झाली. पाडव्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत दोन्ही दिवस धरून हे अवघे चव्वेचाळीस दिवस होतात.

आयुष्यभर बँकेत आकडेमोड केल्यामुळे कोणत्याही व्यवहाराच्या शेवटी शिल्लक पाहण्याची सवय मला लागलेली आहे. उत्सव हा हिशेबाचा विषय नाही, तो आनंदाचा विषय आहे, हे मान्य. परंतु मंडप उतरल्यावर समाजाच्या हाती काय उरले, हा प्रश्न आनंदाच्या विरोधात नाही. उलट, पुढच्या वर्षीचा आनंद त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतो. पेय, पंगत आणि संगीत या उन्हाळी उत्सवाच्या तीन अंगांकडे त्या दृष्टीने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पाण्याच्या प्रदेशाची ओळख

वऱ्हाडातील उत्सवाचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा सर्वांना ठाऊक आहे. या पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे असते. ते पिण्यास योग्य नसते आणि ओलितालाही चालत नाही. शहरांची तहान धरणांवर भागते. अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणाचा आधार आहे, तर अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचा. पावसाने ओढ दिली की अकोल्यात नळाला किती दिवसांआड पाणी येणार, हाच घरोघरी चर्चेचा विषय होतो.

नोकरीच्या काळात माझी एक बदली पूर्णाकाठच्या अशाच एका खेड्यातील शाखेत झाली होती. तेथे विहिरीच्या पाण्याचा चहा खारट लागे. गोडे पाणी काही कोसांवरून बैलगाडीतील टाकीतून आणावे लागे आणि ते घरात मोजून वापरले जाई. त्या गावात पाहुण्यापुढे प्रथम गोड्या पाण्याचा तांब्या ठेवला जाई, चहा नंतर. एका खातेदार आजोबांनी मला सांगितले होते, “साहेब, आमच्या इथं पाणी पाजलं म्हणजे जेवण दिल्यासारखंच हाय.” पाण्याला अन्नाइतकी प्रतिष्ठा देणारा हा प्रदेश आहे. येथे उन्हाळ्यात पाणी पाजणे ही केवळ औपचारिकता ठरत नाही. ते खरेखुरे दान असते.

याच मातीत संत गाडगेबाबा जन्मले. २३ फेब्रुवारी १८७६ हा त्यांचा जन्मदिवस आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे जन्मगाव. भुकेल्यांना अन्न देण्याच्या पाठोपाठ तहानलेल्यांना पाणी देणे, असा क्रम त्यांच्या दशसूत्रीत आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ठिकठिकाणी थंड पाण्याचे पिंप दिसतात, तेव्हाही मला इतिहासाची आठवण होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो सत्याग्रह केला, तो सार्वजनिक पाण्यावरील सर्वांच्या समान अधिकारासाठी होता. ज्या देशात पाण्यासाठी माणसाला सत्याग्रह करावा लागला, तेथे रस्त्याच्या कडेला उभे राहून जात-धर्म न विचारता पेला पुढे करणे ही लहान गोष्ट म्हणता येणार नाही.

पहिले दान

आपल्या परंपरेत अक्षय तृतीयेचे महत्त्व प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांच्या पारण्याशी जोडलेले आहे. ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तरीही तिच्यातील एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावेसे वाटते. दीक्षेनंतर भगवान आहारासाठी विहार करीत होते. लोकांची भक्ती अपार होती. कोणी रत्ने पुढे केली, कोणी वस्त्रे, कोणी हत्ती-घोडे. देण्याची इच्छा सर्वांना होती, परंतु त्यागी मुनींना नेमके काय द्यावे, हे कोणालाच उमगले नाही. वर्षाहून अधिक काळ असाच गेला. अखेर हस्तिनापूर येथे श्रेयांसकुमारांना आहारदानाची विधी स्मरली आणि त्यांनी इक्षुरस, म्हणजे उसाचा रस, अर्पण केला. या युगातील दानाची परंपरा तेथून सुरू झाली, असे आपण मानतो.

या युगातील पहिले दान एक पेय होते, ही गोष्ट मनोहर आहेच. परंतु त्याहून मोठा बोध पुढे आहे. हत्ती-घोडे देणाऱ्यांची भक्ती कमी नव्हती. समोरच्याची गरज ओळखण्याची दृष्टी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. आजच्या उत्सवांकडे पाहताना मला ही कथा वारंवार आठवते. स्वागत-कमानी, फ्लेक्स, फटाके आणि भिंती हादरविणारी ध्वनियंत्रणा हे आपल्या काळातील हत्ती-घोडे होत. चाळीस अंशांच्या उन्हात चालणाऱ्या वृद्धाला त्यांतील कशाचाही उपयोग नसतो. त्याला सावली हवी असते आणि एक पेला हवा असतो.

वर्षीतप करणाऱ्या तपस्वींचे पारणे याच दिवशी उसाच्या रसाने होते. अमरावती जिल्ह्यातील भातकुली येथे भगवान आदिनाथांचे प्राचीन क्षेत्र आहे. अक्षय तृतीयेच्या निमित्ताने या क्षेत्राचे दर्शन घेणे हा वऱ्हाडातील कुटुंबांसाठी सोपा आणि आनंददायी उपक्रम ठरू शकतो. अमरावतीहून सकाळी लवकर निघाल्यास उन्हे चढण्यापूर्वी घरी परतता येते.

आपल्या शेजारच्या वऱ्हाडी कुटुंबांत हाच दिवस ‘आखिती’ म्हणून साजरा होतो. करा आणि केळी ही मातीची दोन भांडी पाण्याने भरून पुजली जातात आणि पितरांचे स्मरण केले जाते. पुरणपोळी, कुरडया, वडे आणि चिंच-गुळाची आंबट-गोड चिंचवणी असा स्वयंपाक असतो. आपल्याकडे उसाचा रस आणि त्यांच्याकडे पाण्याने भरलेली केळी. कथा वेगळ्या, श्रद्धा वेगळ्या. परंतु वैशाखातील त्या दिवशी दोन्ही घरांत मध्यभागी एक भरलेले भांडेच असते.

पेयांची व्यवस्था

शोभायात्रेत किंवा मोहल्ल्यातील कार्यक्रमात पेय देताना थोडे नियोजन केले तर काम सुकर होते. दोनशे मिलिलिटरचा एक पेला धरला तर पाचशे माणसांसाठी शंभर लिटर पेय लागते. एक किलो कैरी उकडून तिच्या गरात तेवढाच किंवा थोडा अधिक गूळ, वेलची, किंचित मीठ आणि सुमारे पाच लिटर पाणी घातले, तर साधारण तीस पेले पन्हे होते. म्हणजे पाचशे माणसांना सतरा-अठरा किलो कैरी पुरते. गर आदल्या दिवशी न करता त्याच सकाळी करावा; उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.

ताक हा दुसरा उत्तम पर्याय. एक लिटर दह्यात तीन ते चार लिटर पाणी, जिरेपूड आणि मीठ घातले की झाले. मधुमेह असलेल्या मंडळींची संख्या आपल्या समाजात थोडी नाही. त्यांच्यासाठी गोड पेयाबरोबर ताकाची सोय असलीच पाहिजे. उसाचा रस काढताना रसवंतीवाले सवयीने आले घालतात. आले कंदमुळांत येत असल्याने आपल्याकडील अनेकांना तो रस चालत नाही. रसवंतीवाल्याला आधीच सांगून केवळ लिंबू घातलेला रस घ्यावा आणि तो काढताच प्यावा. ठेवलेला रस काळवंडतो आणि आंबतो.

पाणी गाळून घेणे हा आपल्या घरांतील नित्याचा आचार. सार्वजनिक पाणपोईतही तो पाळावा. तपस्वींसाठी व नियम असलेल्यांसाठी उकळून थंड केलेल्या पाण्याचे एक भांडे वेगळे ठेवावे आणि त्यावर तसे स्पष्ट लिहावे. बर्फाबाबत विशेष काळजी घ्यावी. वस्तू थंड ठेवण्यासाठी तयार केलेला बर्फ खाण्यायोग्य नसतो; तो ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग घालण्याचा नियम आहे. सर्वांत चांगले म्हणजे आदल्या रात्री भरून ठेवलेले मातीचे माठ. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होताना ते आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. वऱ्हाडची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने ही क्रिया येथे फार चांगली होते. शिवाय माठांसाठी दिलेला पैसा गावातील कुंभाराच्या घरी जातो.

पंगत आणि शेजार

वऱ्हाडच्या उन्हाळी जेवणाचा मान रोडग्यांकडे जातो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, आत तेला-तुपाचे पदर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. मारुतीच्या पारावर, शेतात किंवा आमराईत होणारे हे रोडग्यांचे जेवण गावाला एकत्र आणते. त्याबरोबर वांग्याची भाजी असते. ज्यांना वांगे वर्ज्य आहे त्यांच्यासाठी दुधी भोपळ्याची भाजी किंवा बेसनाचे गट्टे सहज करता येतात. राजस्थानातून वऱ्हाडात आलेल्या आपल्या पूर्वजांनी येथे प्रथम रोडगा पाहिला असेल, तेव्हा त्यांना आपली बाटीच भेटल्यासारखे वाटले असेल. दोन प्रदेशांतील ही बहीण-भावंडे एकाच निखाऱ्यावर भाजली जातात, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे सरगुंडे. घट्ट मळलेली कणीक बारीक काडीभोवती गुंडाळून तिला वेटोळ्यांचा आकार द्यायचा आणि सावलीत वाळवायची. शेवया, कुरडया, पापड यांच्याबरोबर उन्हाळ्यात घरोघरी सरगुंडे होत. पाहुणे आले की ते उकडून आमरसाबरोबर वाढायचे. हे काम एकट्याने होत नसे. चार घरच्या बाया एका ओसरीवर जमत, हात चालत आणि त्यांबरोबर गाणीही चालत. आज सरगुंडे जाणणाऱ्या आजी बहुतेक घरांत एखाद-दुसरीच राहिली आहे. महिला मंडळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक सकाळ या कामासाठी ठेवावी. नातींना आजीकडून शिकता येईल आणि आजींना आपली कला कोणाला तरी हवी आहे, याचे समाधान मिळेल.

आणि आमरस. अनेक मराठी घरांत अक्षय तृतीयेला पितरांना दाखविल्याखेरीज आंबा खात नाहीत, तर आपल्याकडील अनेक कुटुंबे आर्द्रा नक्षत्र लागले, म्हणजे साधारण २१-२२ जून उजाडला, की आंब्याचा त्याग करतात. एका परंपरेने आरंभ ठरविला आणि दुसरीने शेवट. या दोन मर्यादांच्या मध्ये सात-आठ आठवड्यांचा आमरसाचा काळ येतो. संयमाने आनंद कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी आर्द्रेपूर्वीच्या शेवटच्या रविवारची आमरसाची पंगत अवश्य पाहावी. मर्यादा ठाऊक असल्यामुळेच त्या वाटीची गोडी अधिक असते.

रात्रिभोजन न करण्याचा नियमही उत्सवाच्या आड येत नाही. एप्रिलच्या मध्यास वऱ्हाडात सूर्यास्त साडेसहानंतर काही मिनिटांनी होतो, मे महिन्याच्या मध्यास पावणेसातच्या पुढे. पाच वाजता पंगत बसवली तर सहापर्यंत सर्वांचे जेवण निवांत आटोपते आणि सातला भजन किंवा गायन सुरू होते. स्वयंपाकी, वाढपी आणि आचाऱ्याकडील मुले यांनाही वेळेवर घरी जाता येते, हा आणखी एक लाभ.

खंजिरीचा प्रदेश

संगीताच्या बाबतीत वऱ्हाड भाग्यवान आहे. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीसारखे साधे वाद्य हाती घेऊन गावेच्या गावे जागी केली. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी घुमली. त्यांची जयंती ग्रामजयंती म्हणून साजरी होते. पहाटे ग्रामसफाई, मग रामधून आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना अशा कार्यक्रमाला ना मोठे व्यासपीठ लागते, ना विजेचा भार. सण-उत्सवांतून गावाचे कल्याण कसे साधावे, याचे विवेचन त्यांनी ‘ग्रामगीते’त केले आहे.

याच अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी कविवर्य सुरेश भट जन्मले आणि मराठी गझलेला प्रतिष्ठा मिळाली. गझल गायनाला देशभर घेऊन जाणारे भीमराव पांचाळे हेही अमरावती जिल्ह्याचेच. एप्रिलच्या रात्री, वारा थोडा गार झाल्यावर, गच्चीवर किंवा शाळेच्या पटांगणात बसून गझल ऐकणे हे या मातीतील सुख आहे. एक संवादिनी, एक तबला आणि शांत श्रोते एवढी सामग्री त्याला पुरते.

शांत श्रोते हीच आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे आणि शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. मिरवणुकीतील डीजे शंभर डेसिबलचा पल्ला सहज गाठतो. डेसिबलची वाढ साध्या बेरजेची नसते, ती पटीची असते. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ आणि १०० यांतील अंतर दिसायला पंचेचाळीसचे, प्रत्यक्षात सुमारे तीस हजार पटींचे! चक्रवाढ व्याजाची ताकद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक काळ राहणे कानांना घातक मानले जाते. आणि आपली मुले त्यासमोर दोन-दोन तास नाचत असतात.

ही टीका कोणा एका समाजावर नाही. बहुतेक सर्वच मिरवणुकांत आता हे दिसते आणि आपणही त्यास अपवाद नाही. हृदयरोगी, तान्ही बाळे, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि घाबरून कोपऱ्यात दडणारे मुके जीव यांना होणारा त्रास हा सूक्ष्म हिंसेचाच प्रकार आहे. अहिंसेचा जयघोष करणाऱ्या शोभायात्रेत तरी तो नसावा.

उन्हाची शिस्त

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा भव्य सोहळा उघड्या मैदानात, भर दिवसा झाला. लाखोंच्या समुदायातील १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती माणसे श्रद्धेने आली होती. खारघरचे ऊन वऱ्हाडच्या उन्हापेक्षा खूपच सौम्य असते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण दरवर्षी किती मोठी जोखीम पत्करतो, याची कल्पना येईल.

आपल्याकडील कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळून जातो. शरीरातील पाणी कमी होत आहे, हे माणसाला कळतच नाही. साठीनंतर तहानेची जाणीवही मंदावते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे पाणी अधिक जाते. त्यामुळे “मला काही होत नाही” असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही पहिली सूचना समजावी. घाम थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजून त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात हलवावे; शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी घालू नये. जलसंजीवनी घरीच करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण प्रत्येक पाणपोईवर लिहून ठेवावे.

शोभायात्रा सकाळी साडेसहाला निघावी आणि नऊपर्यंत मंदिरात पोहोचावी. मार्ग लहान ठेवावा. पूर्ण मार्ग चालू न शकणाऱ्यांना अर्ध्यावर सामील होण्याची मोकळीक असावी. उपवास असलेल्यांनी रथामागे चालण्याचा आग्रह धरू नये आणि इतरांनीही तो करू नये. भाषणे मंडपात, पंख्याखाली आणि थोडक्यात व्हावीत. पाहुण्यांची वाट पाहत लोकांना उन्हात बसवणे हा तर अविनयच होय.

भांडवली खर्च, महसुली खर्च

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवतात की, खर्च दोन प्रकारचा असतो. ज्याचा लाभ त्याच वर्षी संपतो, तो महसुली खर्च. ज्याचा लाभ अनेक वर्षे मिळतो, तो भांडवली खर्च. उत्सवाच्या वर्गणीला हाच नियम लावून पाहावा. डीजेचे भाडे, फटाके, फ्लेक्स, एकदाच वापरायचे पेले यांचा लाभ त्याच रात्री संपतो. मागे राहतो तो कचरा. उलट, पाचशे स्टीलचे पेले एकदा घेतले तर ते सहज दहा-पंधरा वर्षे टिकतात. ते मोहल्ल्यातील प्रत्येक लग्नात, प्रत्येक जयंतीत, शेजारच्या समाजाच्या कार्यक्रमातही वापरता येतात. प्लास्टिकच्या पेल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, हे वेगळे सांगायला नको. संवादिनी, तबला, टाळ आणि डझनभर खंजिऱ्या घेतल्या तर त्यांतून भजन मंडळ उभे राहते. त्याच्याजवळ बसून दहा वर्षांची मुले ताल शिकतात. बसस्थानकाजवळ किंवा बाजारात बांधलेली पाणपोई आपल्या नातवंडांच्या काळातही लोकांची तहान भागवील.

सर्व महसुली खर्च टाकाऊ असतो, असे मला म्हणायचे नाही. फुले कोमेजतातच, पुरणपोळी संपतेच आणि तीच तिची सार्थकता आहे. परंतु प्रत्येक समितीने एवढा संकल्प करावा की, जमलेल्या वर्गणीतील निदान चौथा हिस्सा दरवर्षी टिकाऊ वस्तूंवर खर्च होईल आणि जमाखर्चाचा तक्ता मंदिराच्या फलकावर पंधरा दिवसांत लागेल. तरुणांना डीजे बंद करा, असे नुसते सांगून भागणार नाही. त्यांच्या हाती दुसरे काही द्यावे लागेल. त्यांच्या हाती खंजिरी द्या, पेल्यांची जबाबदारी द्या, हिशेबाची वही द्या. जबाबदारी मिळाली की ही मुले किती नेटाने काम करतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आणखी एक सूचना. आपली पाणपोई महावीर जन्मकल्याणकापुरती एक दिवस न ठेवता पाडव्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंतचे सर्व दिवस चालवावी. रामनवमीच्या दिंडीला, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला, ग्रामजयंतीच्या प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकाला तेथे पेलाभर पाणी मिळावे. वीस कुटुंबांनी दोन-तीन दिवसांची पाळी घेतली तर कोणावरही भार पडत नाही. अशा ठिकाणी माणसे थांबतात, दोन शब्द बोलतात, एकमेकांची नावे जाणतात. शहरातील निरनिराळे समाज एकमेकांच्या दारावरून नुसते गर्जत जाण्याऐवजी थोडा वेळ एकमेकांजवळ उभे राहतात. या उभे राहण्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. परंतु गावात कधी कटू प्रसंग उद्भवलाच, तर हीच शिल्लक कामी येते.

येत्या चैत्रापूर्वी आपापल्या गावातील समितीने एकदा एकत्र बसावे, वेळापत्रक सकाळचे करावे, पेल्यांची आणि माठांची यादी करावी, वाद्यांसाठी रक्कम बाजूला काढावी आणि पाणपोईच्या पाळ्या लिहून घ्याव्यात. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात याहून सोपे आणि याहून निकडीचे पुण्यकार्य मला दिसत नाही. वऱ्हाडचे ऊन आपल्या हाती नाही, पण त्या उन्हात कोणाच्या हाती काय द्यावे, हे श्रेयांसकुमारांनी आपल्याला केव्हाच दाखवून ठेवले आहे.

जय जिनेंद्र.